रतनच्या गळ्यातला आवाज

काष्टी,
१४ नोव्हेंबर १९७१

श्री. राधाकृष्ण यांस पुष्पाचा नमस्कार.

दौंड गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेल्या इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या मिळाल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत ठेवल्यात. रतनला रोज सकाळी सातला चाळीस युनिटचं इंजेक्शन मीच देते. तुमची बहीण एकोणीस वर्षांची झाली, सहा वर्षं सुया टोचून घेतेय, पण स्वतःच्या हातानं टोचायचा धीर तिला अजून होत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तिची लघवी तपासायचं ते निळं औषध. उकळल्यावर निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर फार, हे तुम्हीच मला शिकवलंत. सहा वर्षांत आठवड्यातून दोनदा निळं दिसलं तरी आपण खूश व्हायचो. आता पंधरा दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ निळंच. आईंनी तर देवाला नारळ फोडला, पोरीची साखर गेली म्हणून. मला मात्र हे बरं वाटत नाही. खाणं अर्ध्यावर आलंय आणि तोंड सुजल्यासारखं भरलंय. भर दुपारी घोंगडी पांघरून उन्हात बसते. हाक मारली तर पाहते, आणि ओ द्यायला इतका वेळ लावते की मधे मी पोळी लाटून घेते.

आणि परवाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ. मी चुलीपाशी होते. बाहेर आईंशी कोणी बाई बोलत होती. जाड, खोल आवाज, म्हातारीचा म्हणावा तर म्हातारीचाही नाही. मला वाटलं श्रीगोंद्याहून कोणी पाव्हणी आली, म्हणून चहाचं आधण वाढवलं. बाहेर येऊन बघते तर पाव्हणी नाही, कोणी नाही. आई भिंतीला टेकलेल्या आणि समोर एकटी रतन. तोंड उघडून रतन म्हणाली, "वहिनी, मला लई गार लागतंय." तो तोच आवाज होता.

आईंच्या हातातली तेलाची वाटी खाली पडली. तोंडातून एकच शब्द निघाला, "लंका."

लग्नाला आठ वर्षं झाली, या घरात हे नाव मी एकदाच ऐकलंय, तेही कोणाच्या कुजबुजीत. लंका कोण? लवकर कळवा.

तुमची
पुष्पा


भिंगार,
२० नोव्हेंबर १९७१

प्रिय पुष्पा,

पत्र पोचलं. लंकाबाई ही दादांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी असायची, मागच्या खोलीत. मी आठ वर्षांचा असताना वारली. सांगण्यासारखं एवढंच. आईसमोर तिचा विषय काढू नकोस, तिला त्रास होतो. दादा असताना तर त्या नावाला घरात बंदीच होती.

थंडी पडली की घसा बसतो. रतनला मीठ-हळदीच्या गुळण्या दे. साखर उतरली असेल तर आनंदच आहे, त्यात घाबरायचं काय? मात्र इंजेक्शन चाळीसचंच ठेव. मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे, आपल्या मनानं त्यात खालीवर करायचं नाही.

इथे लष्कराच्या भांडारात काम फार वाढलंय. रोज मालाच्या गाड्या येतात आणि जातात. कशासाठी ते आम्हा नागरी नोकरांना कोणी सांगत नाही, पण सगळ्यांना कळतंय. क्वार्टरचा अर्ज तसाच पडून आहे. सध्या विचारण्यात अर्थ नाही.

राधाकृष्ण


काष्टी,
२८ नोव्हेंबर १९७१

श्री. राधाकृष्ण यांस पुष्पाचा नमस्कार.

गुळण्या दिल्या. घसा बसलेला नाही, हा आवाजच दुसरा आहे.

आता रोज होतं. दिवेलागण झाली की रतन थिजते. डोळे उघडे असतात, पण ती आपल्याकडे पाहत नाही. आधी साखर उतरायची तेव्हा तिला दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, ते मी ओळखायचे. आता घाम नाही, कापरं नाही. कातडी कोरडी खडखडीत, आणि अंग असं गार की उन्हाळ्यात माठाला हात लावावा. मंगळवारी अशीच बसली असताना त्या जाड आवाजात म्हणाली, "मला ऐकू येतंय." दोनदा म्हणाली. आई घराबाहेर पळाल्या ते बराच वेळ परत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या सूर्यभान देवऋषीला घेऊन आल्या. त्यानं विचारलं, "ही पोर आधी अशीच दिसायची का?" आईंनी नाही म्हणून मान हलवली आणि बोटानं रतनच्या कपाळाकडे दाखवलं. मी तेव्हा प्रथम नीट पाहिलं. तिच्या भुवयांची बाहेरची टोकं झडून गेलीत, अर्ध्याच भुवया राहिल्यात. आई म्हणाल्या, "लंकीच्या बी अश्शाच झाल्या हुत्या. त्वांड बी असंच. हिनं तिला बघितली सुदिक न्हाई, मरून तीन वर्सानं जलमली ही. मंग कशी दिसती तशी?"

सूर्यभाननं अंगारा लावला, काहीबाही पुटपुटला, आणि प्रसाद म्हणून तिच्या तोंडात पेढा घातला. मी ओरडले, हिला गोड चालत नाही. तो म्हणाला, "मागनारीला द्यावं लागतंय, बाई." दुसरा पेढाही घातला. आणि काय सांगू, पावघडीत रतन भानावर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, दिवा लावला का नाही अजून?"

सगळं घर त्याच्या पाया पडलं. मी नाही पडले, म्हणून आई माझ्याशी बोलत नाहीत. कानिफ भावजीही म्हणतात, वहिनी, डोळ्यांनी बघितल्यावर काय राहिलं?

मी काय बघितलं ते मला माहीत आहे. गुरुवारी तो नसताना, अंगारा नसताना, मी नुसतं गुळाचं पाणी पाजलं. तेवढ्याच वेळात उठली.

एक दिवस येऊन जा. एकच दिवस.

तुमची
पुष्पा


भिंगार,
६ डिसेंबर १९७१

प्रिय पुष्पा,

लढाई लागल्याचं रेडिओवर ऐकलंच असशील. तीन तारखेपासून आम्हा सगळ्यांच्या रजा रद्द झाल्यात. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेत, भांडारातच जेवतो आणि पोत्यांवर पाठ टेकतो. एक दिवस काय, एक तासही सुटका नाही.

देवऋषी पुन्हा घरात येता कामा नये. कानिफलाही तसं निक्षून सांग, मी लिहिलंय म्हणून. मधुमेहाच्या पोरीला पेढे भरवतात, डोकी ठिकाणावर आहेत का? तूही गूळ पाजलास म्हणतेस. साखर वाढून काही झालं तर जबाबदार कोण? इंजेक्शन चाळीस, त्यात एक थेंब फरक नको.

हे लिहून पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं.

तू भुवयांचं लिहिलंस. मी त्या विसरलो होतो असं मला वाटत होतं. आत्या उन्हाळ्यातही घोंगडी पांघरून उन्हाला बसायची. आम्ही पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायचो, बेडकासारखी, आणि ती काही न बोलता आमच्याकडे बघत राहायची. नक्कल करून आम्ही पळून गेलो, खेळून परत आलो, की मग तिच्या तोंडून निघायचं, "नका रं." इतक्या उशिरा.

रतनला यातलं कोणी काही सांगितलेलं नाही. मीही नाही. मग तिला हे कोण शिकवतंय?

हे आईला वाचून दाखवू नकोस. इथे नगरात डॉक्टर शांतवन म्हणून एक वयस्क डॉक्टर आहेत, लोक त्यांचं नाव घेतात. उसंत मिळाली की त्यांना विचारतो.

राधाकृष्ण


काष्टी,
१२ डिसेंबर १९७१

श्री. राधाकृष्ण यांस पुष्पाचा नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. रागवायचं तर आता रागवा.

मी चाळीस देत नाही. गुळाच्या पाण्यानं ती उठली त्या रात्री मला झोप लागली नाही. साखर दिल्यावर उठते, म्हणजे साखरच कमी पडत असणार, एवढं माझ्या सातवीच्या डोक्याला कळलं. दुसऱ्या दिवसापासून चौतीस दिलं. औषध निळंच. मग अठ्ठावीस. निळंच. आज आठ दिवस बावीस देतेय, जवळजवळ अर्धं, तरीही निळं. सहा वर्षं चाळीस लागायचं हो तिला. खाणं कमी झालं म्हणावं तर एवढं कमी नाही झालं. मग साखर जाते कुठं? निळी नळी हातात धरून मी चुलीपुढं बसते आणि मलाही वाटायला लागतं की हिच्या आत बसून कोणीतरी खातंय. तुम्हाला म्हणून लिहिते.

काल सकाळी इंजेक्शनची काचेची पिचकारी जागेवर नव्हती. आई म्हणाल्या, "आजपासून सुई न्हाई. लंका नको म्हनती."

"कुणाला म्हणते?"

"सूर्यभानच्या सपनात आली हुती. म्हनली, टोचू नगा मला."

मी म्हणाले, "आई, सुई बंद केली तर चार दिवसांत पोर हातची जाईल."

"साखर हाय का आता तिला? तूच दावतीस की रोज निळं पानी!"

मी म्हणाले, "साखर कमी झाली तर सुई कमी करू. बंद करायची नाही. पिचकारी द्या." त्यांनी दिली नाही. दुपारी मला ती ज्वारीच्या कणगीत सापडली. उकळून इंजेक्शन दिलं, अठरा.

आणि तरीही संध्याकाळी ती अशी गेली की हलवून, ओरडून, चिमटे काढून डोळा उघडेना. जबडा धरून बोटानं गालाच्या आत साखर चोळत बसले. हात धरला तर नाडी बोटाला लागेना. बऱ्याच वेळानं लागली, एक ठोका, मग इतका वेळ काही नाही की मला वाटलं संपलं, मग दुसरा. आई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. आत आल्या नाहीत, की रडल्या नाहीत. म्हणत होत्या, "अशीच. अशीच हुती."

तासाभरानं रतननं डोळे उघडले.

तुमची परवानगी येईपर्यंत मी थांबणार नाही. मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं तिला घेऊन नगरला येतेय. भावजी नको म्हणतात, आई दारात आडवी पडेन म्हणतात. पडू देत.

तुमची
पुष्पा


(कंडक्टरच्या हाती आलेली चिठ्ठी)

१४ डिसेंबर १९७१

गाडीत बसलोय. आई आडव्या पडल्या नाहीत. रतनच्या अंगावर दोन घोंगड्या घालून दिल्या आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. काय ते रतन सांगत नाही. तुम्ही स्टँडवर येऊ शकला नाहीत तरी मी त्या शांतवन डॉक्टरांचा दवाखाना शोधून काढीन. ही चिठ्ठी आमच्याआधी सुटणाऱ्या गाडीचा कंडक्टर भांडाराच्या फाटकावर देईल.

पुष्पा


भिंगार,
९ जानेवारी १९७२

प्रिय पुष्पा,

रतनला दवाखान्यात ठेवून तू काष्टीला परत गेलीस त्याला आठ दिवस झाले. तू होतीस तोवर डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते, पुण्याला पाठवलेल्या रक्ताच्या तपासणीची वाट बघत होते. आता उत्तर आलंय. सविस्तर लिहितो, कारण हे आईलाही वाचून दाखवायचं आहे.

रतनला बाधा नाही. तिला एक नाही, दोन आजार आहेत. आपल्या गळ्यात, कंठाच्या खाली, एक ग्रंथी असते. अंगाचा सगळा कारभार किती वेगानं चालायचा, ते ती ठरवते. रतनची ती ग्रंथी मरत आलीय. म्हणून थंडी, म्हणून सूज, जाड आवाज, झडलेल्या भुवया, उशिरा येणारी ओ. तू होतीस तेव्हा डॉक्टरांनी तिच्या घोट्यामागे रबरी हातोडी मारली होती, आठवतं? पाऊल झटकन हललं आणि परत जागेवर यायला केवढा वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, त्यांना तिथेच संशय आला.

मी विचारलं, मधुमेह आधीच असताना हे दुसरं कुठून आलं? ते म्हणाले, "शरीरात राखण करणारे असतात. बाहेरून आलेल्या रोगावर त्यांनी तुटून पडायचं. काहींच्या शरीरात ते घरच्याच माणसाला परका समजतात. हिच्यात ते आता गळ्यातल्या ग्रंथीवर पडलेत, हे रक्तात दिसलं. पोटातल्या इन्सुलिन करणाऱ्या ग्रंथीचंही सहा वर्षांपूर्वी असंच झालं असावं, असा परदेशातल्या डॉक्टरांना अलीकडे दाट संशय आहे. एक झालेल्याला दुसरं होताना आम्ही पुष्कळदा पाहतो." मी राहतो त्या लष्करी छावणीच्या गावात हे ऐकून कसं वाटलं ते तुला काय सांगू.

आणि साखर कोण खात होतं? कोणी नाही. कारभारच मंदावला, म्हणून इन्सुलिन कमी लागायला लागलं. आपण मात्र जुनंच भरपूर देत होतो. सकाळच्या सुईचा जोर दिवस कलता कलता सगळ्यात जास्त असतो, म्हणून रोज दिवेलागणीला साखर तळाला जायची. पेढ्यानं वर यायची.

डॉक्टरांना तू कमी केलेल्या सुईचं सांगितलं. ते म्हणाले, "चाळीस चालू राहिलं असतं तर ही मुलगी माझ्यापर्यंत आली नसती." ते चाळीस मी लिहिलं होतं पुष्पा, दोनदा. दुसऱ्यांदा तर एक थेंबही फरक नको म्हणून. ती पत्रं ठेवली असशील तर जाळून टाक.

तू असतानाच डॉक्टरांनी संशयावरून सुरू केलेली ती बारीक गोळी आता रोज सकाळी, जन्मभर. पंधरा दिवसांत फरक दिसायला लागलाय.

घरात आधी कोणाला असं होतं का, असंही त्यांनी विचारलं. मी लंकाआत्याचं सांगितलं. म्हणाले, बहुतेक हेच. हे काही घराण्यांतून उतरतं, सगळ्यांत नाही, एखाद्यात. औषध न मिळालेल्या अशा माणसाचं अंग गार पडत जातं, नाडी मंद होत जाते, आणि थंडीच्या दिवसांत कधीतरी ते झोपेतून उठतच नाही.

तेव्हा आईला सांग, आत्या कोणाला लागली नव्हती, आणि ती आता कोणाच्या अंगात येत नाही. ती बिचारी आजारी होती.

राधाकृष्ण


काष्टी,
१७ जानेवारी १९७२

श्री. राधाकृष्ण यांस पुष्पाचा नमस्कार.

पत्र वाचून मी आधी एकटीच रडले, मग डोळे पुसून आईंना वाचून दाखवलं. तुमची पत्रं मी जाळणार नाही. तुम्ही रतनच्या काळजीनं लिहिलं होतंत.

आई जेवत होत्या. शेवटच्या भागापर्यंत त्यांनी घास थांबवला नाही. 'झोपेतून उठतच नाही' इथे आले तशा त्या ताट सरकवून उठल्या, तशाच उष्ट्या हातानं मागच्या खोलीत गेल्या आणि कडी लावून घेतली. मला वाटलं, बाधा नव्हती हे कळून त्यांना बरं वाटेल. संध्याकाळी बाहेर आल्या त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दळण निवडत होते तर शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "राधाकृष्नाला लिव्ह. त्या डाक्टरला इचार म्हनावं, असल्या मानसाची नाडी किती बारीक चालती?"

मी म्हणाले, "कशाला, आई?"

"साध्या मानसाच्या हाताला घावती का न्हाई, येवढंच इचार."

मी खूप खोदून विचारलं. त्या माझ्या पुढ्यातलं सूप ओढून निवडायला लागल्या. तुम्हाला काही कळत असेल तर लिहा.

रतन कशी आहे? तिच्या हातच्या दोन ओळी पाठवा.

तुमची
पुष्पा


भिंगार,
२५ जानेवारी १९७२

प्रिय पुष्पा,

रतन सुधारतेय. आवाज अर्धा परत आलाय. सुई पुन्हा वाढवावी लागली, तीसवर आलोय, आणि निळं औषध परवा हिरवं झालं. ते बघून डॉक्टर हसले, मीही हसलो. साखर दिसली म्हणून आपल्या घरात कोणी पहिल्यांदाच हसलं असेल.

खाली तिनंच लिहिलंय. आई असं का विचारते ते मला कळत नाही. डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

राधाकृष्ण

वहिनी, मी बरी आहे. लोकांना वाटतं मला तेव्हाचं काही आठवत नाही. मला पुष्कळ आठवतं. तुम्ही सगळे बोलत होता ते कितीतरी वेळा मला ऐकू यायचं. उत्तरही मनात यायचं, पण तोंड फार लांब होतं, विहिरीच्या तळातून वरच्या माणसाला हाक मारावी तसं. तुम्ही नाडी बघत होता आणि आई उंबऱ्यात 'अशीच, अशीच' म्हणत होती तेव्हा मला ओरडायचं होतं की मी आहे. गाडीत बसताना आई कानात काय म्हणाली ते तुम्ही विचारत होता. ती म्हणाली, "लंका, माफ कर." मी लंका नाही हे सांगायला तोंड उघडलं तोवर गाडी कितीतरी पुढे गेली होती. — रतन


काष्टी,
२ फेब्रुवारी १९७२

श्री. राधाकृष्ण यांस पुष्पाचा नमस्कार.

रतनच्या ओळी मी आईंना वाचून दाखवल्या. दाखवायला नको होत्या. 'मला ऐकू यायचं' एवढं वाचलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मग जे बोलल्या ते बोलल्या तसंच लिहिते, माझ्यानं एकटीनं हे पेलवत नाही.

"पूस म्हैना हुता. सकाळी मी भाकर घेऊन गेले, तर लंकी उठंना. गार पडली हुती. तुझ्या सासऱ्याला बोलावलं. त्येंनी नाकाम्होरं हात धरला, म्हनले, गेली. गावात डाक्टर कुठला तवा! आमी बायांनी तिला न्हाऊ घातलं. पानी कढत हुतं. मी पायावर वतलं, तर पाय पांढरे हुते ते गुलाबी झाले. मी बघितलं पुष्पा. माझ्या हातात हुता तिचा पाय. मी भाईर येऊन त्येंना सांगितलं, अवो, रगत हाय तिच्यात. त्ये म्हनले, वारं शिरलंय तिच्यात, उशीर करू नका, सांज व्हायच्या आत उरका. आन मी परत आत गेले. लुगडं नेसवलं तिला."

मी विचारलं, "आणखी कोणी पाहिलं नाही?"

"बघितलं आसंल. कोन बोलंल? सगळ्यास्नी तिचं भ्या वाटायचं. मला बी वाटायचं. तिनं जावं, असं मला सुदिक वाटायचं."

दादांनी नंतर सगळ्यांना सांगितलं म्हणे, नाडी मी स्वतः बघितली, नव्हती. आई म्हणतात, त्यांनी हाताला हात लावलाच नव्हता.

बावीस वर्षं ही बाई रोज पाणी तापवतेय, अंघोळी घालतेय.

आता त्या रोज विचारतात, उत्तर आलं का? जेवण जवळजवळ सोडलंय. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण लवकर.

तुमची
पुष्पा


भिंगार,
१० फेब्रुवारी १९७२

पुष्पा,

पाकिटात दोन कागद आहेत. हा तुझा. दुसरा आईला वाचून दाखवायचा.

मी डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, गुलाबी पायांसकट. त्यांनी विचारलं, "साल कोणतं?" म्हटलं, एकोणपन्नास सरता सरता. "गावात डॉक्टर?" नव्हता. "नाडी कोणी पाहिली?" मी म्हणालो, कोणीच नाही.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर रोग्यांची रांग होती. मग म्हणाले, "आईला सांगा, नाही. सांगा की कढत पाण्यानं मेलेल्या माणसाच्या कातडीलाही कधीकधी रंग येतो."

मी विचारलं, "येतो का, डॉक्टर?"

ते म्हणाले, "आईला सांगा, येतो."

मी दारापर्यंत गेलो आणि वळून पुन्हा विचारलं. तोवर त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं होतं.

राधाकृष्ण

(दुसरा कागद)

ती. आईस राधाकृष्णाचा साष्टांग दंडवत.

तुझा प्रश्न डॉक्टर शांतवन यांना विचारला. ते मोठे जाणकार आहेत. त्यांनी स्वच्छ सांगितलं की तुझ्या मनात आहे तसं काही घडलेलं नाही. माणूस गेल्यावरही कढत पाण्यानं कातडीला रंग चढतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलेलं आहे. लंकाआत्या रात्री झोपेतच गेली. तिला काही कळलं नाही, काही ऐकू आलं नाही. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेव. रतन महिन्याअखेर घरी येईल.

तुझा राधाकृष्ण


काष्टी,
१६ फेब्रुवारी १९७२

श्री. राधाकृष्ण यांस पुष्पाचा नमस्कार.

काल दुपारी तुमचा कागद वाचून दाखवला. भिंतीकडे बघून वाचला. आई हात जोडून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "परत वाच." परत वाचला. 'काही ऐकू आलं नाही' या ठिकाणी त्यांनी डोळे मिटले.

मग कागद मागून घेतला. त्यांना अक्षर येत नाही, तरी तुमच्या ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. शेवटी कागदाची घडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भाकर वाढ."

मी वाढलं. अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, सुटले सगळे. तर ताटाकडे बघतच म्हणाल्या, "लई गुनाचा हाय माझा राधाकृष्न. ल्हानपनापासनं एक शबुद कधी खोटा बोलला न्हाई." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "माझ्यापायी शिकावं लागलं त्याला."

त्यांनी उरलेली भाकरी संपवली, ताट धुतलं, आणि रतन यायच्या आधी मागची खोली सारवायला घेतली.

तुमची
पुष्पा